बोलता येईल इतकं हळू

सिग्नलपाशी ती उभी होती, नुसती उभी, आणि मनगटावरचं घड्याळ केकाटलं. पडद्यावर आकडा एकशे अठ्ठेचाळीस आणि त्याखाली ठरलेला उपदेश: हळू. पळताना ओरडलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यासाठीच ते लावलं होतं, नाडी एकशे तीसच्या वर गेली की बोंब मारायची. पण उभ्या माणसाने आणखी किती हळू व्हायचं? शेजारच्या बाईने तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि आपली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घड्याळवालीच्या दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर भावजयीचा निरोप: 'ताई, आजचे आकडे आले. संध्याकाळी घरी या. एक विचारायचंय.' सिग्नल हिरवा झाला, माणसं गेली, पुन्हा लाल झाला. आकडे चांगले की वाईट, ते लिहिलेलं नव्हतं. भावजय कचेरीत कारकून. कागदावर जेवढं लागतं तेवढंच लिहायची तिला पंधरा वर्षांची सवय. एक विचारायचंय. दोन नाही, चार नाही, एक. त्या एकालाच ती तीन आठवडे भीत होती.

तीन आठवड्यांपूर्वी ती आणि तिचा धाकटा भाऊ गुंड्या डोंगरातल्या सहा दिवसांच्या शर्यतीत होते. रोज एक टप्पा, रोज संध्याकाळी नव्या जागी तंबू. शर्यत जोडीची. दोघांनी मिळून पळायचं, मिळूनच पोचायचं. एक आला आणि दुसरा नाही आला, तर दोघेही बाद. प्रत्येकाच्या घोट्याला एक पट्टा, पट्ट्यात बोटाच्या पेराएवढी चकती. टप्प्याच्या शेवटी जमिनीवर एक चटई अंथरलेली असते, तिच्यावरून पट्टा गेला की टीक वाजतं आणि यंत्र लिहून घेतं, अमुक आला. यंत्राला पाय दिसत नाहीत, पट्टा दिसतो. चौथ्या दिवशी दुपारी दोन बावीसला ती चटईवरून गेली तेव्हा एक पट्टा तिच्या घोट्याला होता आणि दुसरा तिच्या खिशात. टीक, टीक. अडीचला टप्प्याचं दार बंद होणार होतं, त्यानंतर येणारी जोडी बाद. गुंड्या अजून वर, धारेवर होता, आणि यंत्राच्या लेखी तो पोचला होता. शेवटच्या माणसामागून वाट झाडत येणारी मंडळी असतात, गमतीने त्यांना झाडूवाले म्हणतात. सगळे आल्याचं यंत्रात दिसलं म्हणून त्यांना अर्ध्यातूनच जवळच्या वाटेने खाली बोलावून घेतलं. गुंड्या सापडला पावणेसातला. तोवर उन्हाने आणि श्रमाने त्याचे स्नायू विरघळून रक्तात उतरले होते आणि मूत्रपिंडं बंद पडली होती. डॉक्टरने हे नळ तुंबल्याचं सांगावं तसं सांगितलं. आता आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त यंत्राने धुतात. मूत्रपिंडं पुन्हा चालू होतील किंवा होणार नाहीत, रोजचे आकडे सांगतील.

पट्ट्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं. चटईने घोळ घातला, असं सगळे धरून चालले होते. ती बोलली नव्हती. डोंगरावर बोलली नाही, रुग्णवाहिकेत बोलली नाही, आणि मग बोलण्याची वेळ जी टळली ती टळलीच. खोटं बोलायला निदान तोंड उघडावं लागतं. तिला तेवढेही कष्ट पडले नव्हते. तिने फक्त एवढंच सांगितलं होतं, आणि ते इतक्या वेळा की वाक्य गुळगुळीत झालं होतं: "मी निघाले तेव्हा तो उभा होता. काठीवर रेलून हात हलवत होता. म्हणाला, ताई तू हो पुढे, मी आलोच." आणि चित्रही तसंच दिसायचं, धारेवर उभा गुंड्या, मागे पांढरं आकाश, एक हात वर.

सकाळचं चाळीस मिनिटांचं पळणं तिने कसंबसं पुरं केलं. हा सोपा सराव पोस्टमनने आखून दिला होता. तो खरोखरचा पोस्टमन, आता निवृत्त. पस्तीस वर्षं जिने चढून त्याचे गुडघे लोखंडाचे झाले आणि मग त्याने लोकांना पळायला शिकवायचा उद्योग काढला. पहिला आठवडा फक्त चालणं. दुसरा आठवडा वीस मिनिटं. तिसऱ्यात चाळीस, पण बोलता येईल इतकं हळू. "पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे," तो म्हणायचा, "मध्ये श्वास तुटला की समज, घाई झाली. आणि घाई केली की पत्र भलत्याच दारात पडतं." ती म्हणाली होती, "काका, मला पळायचंच नाहीये." त्यावर म्हातारा रागावला नाही. म्हणाला, "शर्यतीनंतर एकदम थांबलीस तर आखडशील. अंगाला काय कळतं, घरात काय झालंय ते?" आणि हेच तर तिला सोसवत नव्हतं. अंगाला काही कळत नव्हतं. अंग निर्लज्जपणे बरं होत होतं. काळी पडून गळालेली पायाची नखं नव्याने फुटत होती, मांड्यांतला ठणका गेला, भूक तर अशी की शेजारीण म्हणाली, तब्येत सुधारली हो तुमची. तिकडे भावाला पाणीसुद्धा मोजून मिळत होतं, पेला नाही, घोट. घरी आल्यावर ती नळाखाली तोंड धरून पाणी प्यायची आणि पिता पिता तिला स्वतःची शिसारी यायची.

दुकान साडेनऊला उघडायचं. पुढे चष्म्यांचा झगमगाट, मागे तिची खोली: काचा घासण्याचं यंत्र, गरम मण्यांचं भांडं ज्यात फ्रेम मऊ करायची, इवल्याशा स्क्रूंचे डबे. एकोणीस वर्षं ती इथे बसून लोकांचे मोडके चष्मे जुळवत होती आणि एकोणीस वर्षांत एकाही माणसाने कबूल केलं नव्हतं की चष्मा त्याने मोडला. सगळ्यांचे चष्मे आपोआप मोडतात. टेबलावर ठेवला होता, सकाळी बघतो तर दांडी तुटलेली! मालक आणि ती यावर पैजा लावायचे. मालक म्हणायचा, आज 'आपोआप' किती आले? मोडलेल्या चष्म्याकडे पाहून तिला कळायचं, यावर कोणी बसलंय, हा भिंतीवर फेकलाय, हा झोपेत अंगाखाली आलाय. दांडी वाकते त्यावरून ओळखू येतं. पूर्वी तिला या लोकांचं हसू यायचं. आज दांडी सरळ करताना तिच्या मनात आलं की आपणही तेच करतोय, फक्त आपल्याकडे काउंटरपलीकडून बघणारं कोणी नाही. काचेवर पाणी सोडलं, यंत्र घरघरलं. एक विचारायचंय. काय विचारेल ती? गुंड्याला आठवलं असेल का? त्या दिवसाचं त्याला फारसं आठवत नाही, असं तो डॉक्टरला म्हणाला होता. म्हणताना तो छताकडे बघत होता. गुंड्या लहानपणापासून खोटं बोलताना छताकडेच बघतो.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि गुंड्या शाळेत दुसरीत. तिचं कॉलेज तिथेच सुटलं. गुंड्याला शाळेत सोडणं, आणणं, त्याचे डबे, त्याचे ताप, सगळं तिच्याकडे आलं. एकदा ती म्हणाली, "इथेच पायरीवर थांब, मी आलेच," आणि औषधाच्या दुकानात गेली, तिथून मैत्रीण भेटली म्हणून तिच्याकडे गेली आणि बोलता बोलता विसरली. ऊन उतरल्यावर आठवलं. धावत आली तर तो त्याच पायरीवर बसलेला, दप्तर मांडीवर. रखवालदार म्हणाला, अहो, मी आत ये म्हटलं तर येईना, ताईने इथेच सांगितलंय म्हणतो. ती रडली आणि तोच तिची समजूत घालत होता. त्यानंतर तिने पुष्कळ गोष्टी सुरू केल्या आणि पुष्कळ सोडल्या. लग्न तीन वर्षं टिकलं. एका बाहीचा स्वेटर अजून कपाटात आहे. सगळं अर्धवट, अर्धवट, अर्धवट. चाळिशी उलटल्यावर ती पळायला लागली, कारण पळण्याला शेवट असतो, एक रेघ असते आणि ती ओलांडली की कोणी म्हणू शकत नाही की राहिलं. सहा दिवसांची ती शर्यत पुरी करायची, आयुष्यात एकतरी गोष्ट तडीला न्यायची, हे तिच्या डोक्याने घेतलं. जोडीदार मिळेना तेव्हा गुंड्याला ओढलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, म्हणाला, "ताई, मी लोकांना जिने चढायला लागू नयेत म्हणून राबतो आणि तू मला डोंगर चढवतेस." पण आला. ती म्हणेल तिथे तो येतोच, ती म्हणेल तिथे थांबतोच.

दुपारी एक बाई आली. मध्यम वयाची, हातात रुमालात बांधलेला चष्मा. तिने रुमाल सोडला आणि म्हणाली, "मी बसले त्याच्यावर. नवऱ्याचा आहे." मालकाने मान वर केली. आतून तीही बाहेर आली. "म्हणजे खुर्चीवर होता आणि मी बघितलंच नाही," बाई म्हणाली, "त्यांना सांगितलं मी. दिवसभर बोलले नाहीत, पण सांगितलं. होईल ना दुरुस्त?" मालक हसला, म्हणाला, एकोणीस वर्षांत पहिल्याच तुम्ही. तीही हसली, पण ते हसू थांबेना, मोठं होत गेलं, बाई जराशी मागे सरकली. मग ती आत गेली, यंत्र चालू केलं, त्यात काच नव्हती, आणि त्या घरघरीच्या आडोशाला तोंडात ओढणी कोंबून रडली. घड्याळ ओरडलं. हळू. तिने ते काढून स्क्रूंच्या डब्यात टाकलं, झाकण लावलं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा काढून हातावर बांधलं. सवय.

शर्यतीत चटईजवळ बसायची ती म्हातारी आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नव्हती. निवृत्त शिक्षिका असावी. छत्री, मोठी टोपी, मांडीवर नावांची यादी. प्रत्येक येणाऱ्याला टाळ्या वाजवायची आणि अर्धं संत्रं हातात द्यायची. चार दिवसांत ती सगळ्यांना ओळखायला लागली होती. दोनदा टीक वाजल्यावर तिने यादीत दोन खुणा केल्या आणि मग मान वर करून विचारलं, "आणि भाऊ?" तेव्हा हिने तोंड उघडलं. हां, तेवढं एकदा तोंड उघडलं होतं. "तंबूकडे गेला," ती म्हणाली, "पोट बिघडलंय." म्हातारी म्हणाली, "अरेरे, मग हे त्याच्यासाठी," आणि दुसरं अर्धं संत्रंही दिलं. ते तिने खाल्लं. दोन्ही अर्धी तिनेच खाल्ली. तंबूत जाऊन बूट काढले, मनाशी म्हणाली, अर्ध्या तासात येईलच, आणि झोपली. साडेपाचला जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. ती ओरडत बाहेर गेली, आणि तेव्हाही, तेव्हासुद्धा, तिने एवढंच म्हटलं की भाऊ दिसत नाही. माणसं अर्धा तास तंबूंमागे आणि ओढ्याकाठी त्याला शोधत राहिली. शेवटी तीच किंचाळली, वर बघा, धारेवर बघा! कसं काय सुचलं, कोणी विचारलं नाही. बहिणीचं काळीज, म्हणाले.

सहाला दुकानातून निघाली. गुंड्याचं घर तीन-साडेतीन किलोमीटर. बसमध्ये बसणं शक्य नव्हतं, बसलं की ते चित्र यायचं, म्हणून बूट बांधले आणि पळायला लागली, सोपं, बोलता येईल इतकं हळू. आणि बोलायला लागली. आधी मनात, मग ओठांत, मग चक्क मोठ्याने, फुटपाथवरची माणसं बाजूला होत होती. "गुंड्याचा पट्टा माझ्या खिशात होता, चटईवरून दोन्ही पट्टे मीच नेले आणि तो तंबूत गेलाय असं त्या बाईंना मीच सांगितलं." पहिल्यांदा 'खिशात'पाशी श्वास तुटला. ती चालली, पुन्हा पळाली. दुसऱ्यांदा 'चटईवरून'पाशी. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. किराण्याच्या दुकानापासून बागेच्या फाटकापर्यंत तिने ते सात वेळा म्हटलं आणि आठव्यांदा ते एका श्वासात आलं, घड्याळ गप्प राहिलं. तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. कारण वाक्य पाठ झाल्याबरोबर त्याच्यामागून ते चित्र आलं. धारेवर उभा गुंड्या, एक हात वर. पण हात वर होता तर काठी कुठे होती? दोन्ही काठ्या तर खाली दगडांत पडल्या होत्या. आणि एक बूट त्याच्या पायात नव्हता. बूट नसलेला माणूस खडकावर उभा कशाला राहील? तिने पावलं वाढवली. घड्याळ ओरडलं. ती थांबली नाही.

दार भावजयीने उघडलं. घाम बघून म्हणाली, "पळत आलात? बसा, पाणी देते." खोलीत औषधाचा वास आणि टेबलावर भाजी निवडायला घेतलेली, अर्धी निवडलेली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, पलंगाचा पायथा दिसत होता आणि त्यावर गुंड्याचे पाय, सुजलेले, कोणा दुसऱ्याचेच वाटावेत असे. "आकडे?" तिने विचारलं. "आहेत तिथेच आहेत," भावजय म्हणाली. "खाली येईनात. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन आठवडे बघू आणि मग..." तिने एक देठ मोडला. "मग कायमचं यंत्र, नाहीतर दुसऱ्याचं मूत्रपिंड." पाण्याचा पेला तिने ताईपुढे ठेवला. भरलेला पेला. ताईला तो उचलवेना.

"माझं घे," ती म्हणाली. "लागलं तर माझं घे."

"ते पुढचं पुढे." भावजयीने हात पुसले आणि खणातून एक कागद काढला. स्वच्छ अक्षरात, समास सोडून लिहिलेला. "हे विचारायचं होतं. चटईवर त्या दिवशी ज्या बाई होत्या ना, त्यांच्यावर तक्रार करतेय मी. न आलेल्या माणसाच्या नावासमोर त्यांनी आल्याची खूण केली. यादी पुरावा आहे. त्यांनी नीट बघितलं असतं तर तीनपर्यंत माणसं वर गेली असती. डॉक्टर म्हणाले, तीनला सापडते तर सलाइनवर भागलं असतं. सलाइनवर, ताई." तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला, पण तिने तो परत जागेवर आणला. "साक्षीदार म्हणून तुमची सही पाहिजे. इथे."

आतून पलंग करकरला. गुंड्या भिंतीला धरत धरत दारात आला, चेहरा फुगलेला, डोळे त्याचेच. "ताई," तो म्हणाला, "सही करून टाक." आणि त्याने छताकडे पाहिलं. तिला तिथल्या तिथे कळलं की त्याला सगळं आठवतंय. पहिल्या दिवसापासून आठवतंय. तीन आठवडे तो पायरीवर बसून होता, दप्तर मांडीवर घेऊन, ताईने थांब म्हटलंय म्हणून.

"गुंड्याचा पट्टा माझ्या खिशात होता," ती म्हणाली, "चटईवरून दोन्ही पट्टे मीच नेले आणि तो तंबूत गेलाय असं त्या बाईंना मीच सांगितलं." एका श्वासात. कुठेही तुटलं नाही. बोलल्यावर खोली जशीच्या तशी राहिली, भाजी, कागद, पेला. तिला वाटलं होतं भावजय ओरडेल, हाताला धरून बाहेर काढेल, आणि तिला तेच हवं होतं. त्यातही थोडी सुटका असते. भावजयीने फक्त पेनचं टोपण लावलं. मग तिने नजर वर केली आणि कचेरीतल्या खिडकीतून विचारावं तसं विचारलं, "तुम्ही त्यांना सोडून निघालात तेव्हा ते उभे होते की बसले होते?"

याचं खरं उत्तर तिने पाठ केलेलं नव्हतं.

"उभा होतो मी," गुंड्या दारातून म्हणाला. "अगं, चांगला उभा होतो. मीच म्हटलं, जा म्हणून. पट्टा मीच काढून दिला. हातसुद्धा हलवला."

भावजयीने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती ताईकडेच बघत होती. घड्याळ केकाटायला लागलं. ते कोणी बंद केलं नाही. ताई नुसती गप्प बसली असती तरी पुरलं असतं. तिने वाक्य सुरू केलं, श्वास तुटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटला. उभ्या जागी, दोन शब्दांचं वाक्य.

"बसला... बसला होता," ती म्हणाली. "एक बूट निघाला होता. उठायला बघत होता, उठता येत नव्हतं. मला म्हणाला, ताई, थोडं थांब. मी... मी वाकून पट्टा सोडला त्याच्या पायातला. म्हटलं, तू इथेच थांब, मी आलेच."

गुंड्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. कोणीच त्याला उठवायला गेलं नाही. भावजयीने तक्रारीचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने पेनचं टोपण काढलं, पेन ताईपुढे ठेवलं आणि भाजीची परात बाजूला सारून तिला हात टेकायला जागा केली.

"लिहा," ती म्हणाली. "आधी त्यांना सोडलंत ती वेळ."